हॅडलीचं बाळंतपण

हॅडली नावाची एक तरुण बाई गर्भपातासाठी दवाखान्यात जाते. उरकून घरी यायचं, एवढंच डोक्यात. भूल देतात. जाग येते तेव्हा दवाखाना तो नसतो, डॉक्टर ते नसतात, बाई एका यंत्रात जखडलेली असते आणि पोट नऊ महिन्यांचं असतं. आसपास कोणीतरी आहे, आणि त्या कोणाला तरी तिचं बाळ हवंय.

इथपर्यंतची गोष्ट मला एकट्याला कळली. पुढची कळायला आई लागली, आणि मधल्यामध्ये गल्लीतल्या निम्म्या लोकांची झोपमोड झाली.

गेमचं नाव ‘केन’. दक्षिण आफ्रिकेतले ख्रिस आणि निक बिशॉफ हे दोन भाऊ. भाऊ आहेत म्हणून कंपनीचं नाव ‘द ब्रदरहूड’. त्यांनी आधी ‘स्टॅसिस’ नावाचा मोठा गेम केला. ख्रिसने तो २०१० च्या सुमारास फावल्या वेळात एकट्यानेच करायला घेतला होता, २०१३ मध्ये इंटरनेटवर लोकवर्गणी काढून लाखभर डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली आणि २०१५ मध्ये गेम बाहेर आला. ‘केन’ ही त्याच विश्वातली वेगळी, छोटी गोष्ट. २०१७ च्या जानेवारीत ती त्यांनी बाजारात आणली आणि किंमत ठेवली शून्य.

या शून्याने घात केला. माझ्या भाचीने मला दहा गेमची नावं सांगितली असती तरी मी जागचा हललो नसतो, पण ‘फुकट’ म्हटल्यावर आमच्याकडे माणूस आधी हात पुढे करतो आणि मग काय आहे ते विचारतो.

भाची पुण्यात गेम डिझाइन शिकते. हे शिक्षण आहे हे तिच्या आईला अजून पटलेलं नाही, म्हणून ती सुट्टीत मामाकडे मिरजेला येते. जेवताना भुताखेताचा विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे अध्यक्षस्थानी गेलो. नारायण धारप मी वाचनालयातून ओळीने आणून वाचलेले आहेत. मतकरींच्या गूढकथा वाचल्यात. ज्या वयात मुलं क्रिकेटच्या धावा पाठ करतात त्या वयात मी कुठल्या वाड्यात कुठली खोली बंद होती ते सांगू शकायचो. त्यात धंदा विमा कंपनीत आजारपणाचे दावे तपासण्याचा. डिस्चार्ज कार्डावर तारीख खाडाखोड केलेली असली की ती मला पानाच्या मागच्या बाजूनेही कळते. तात्पर्य, मला भीती वाटत नाही आणि माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मी भाचीला सांगितलं.

“मामा, वाचणं वेगळं,” ती म्हणाली. “पुस्तकात दार लेखक उघडतो. इथे तुला उघडायचं असतं.”

“उघडू की.”

तिने लिंक पाठवली आणि पुण्याला निघून गेली.

जाण्यापूर्वी तिने या प्रकाराची वंशावळही ऐकवली होती. पॉइंट-अँड-क्लिक म्हणजे गोळीबार नाही, पळापळ नाही, बोटांची चपळाई नाही. पडद्यावर एक चित्र असतं. त्यातल्या वस्तूंवर माउसने टिचकी मारायची. काही वस्तू उचलता येतात, त्या आपल्या पोतडीत जातात, आणि पोतडीतली वस्तू दुसऱ्या एखाद्या वस्तूवर वापरली की दार उघडतं, यंत्र सुरू होतं, गोष्ट पुढे सरकते. १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’पासून ही पद्धत रुळली. आणि यात फुकट देण्याची परंपराही जुनी. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा गाजलेला विज्ञानकथेचा गेम २००३ मध्ये त्याच्या कर्त्यांनी मोफत करून टाकला. ख्रिस जोन्स नावाच्या ब्रिटिश प्रोग्रॅमरने असे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअरच फुकट उपलब्ध केलं, त्यावर बेन क्रोशॉने २००४ मध्ये ‘सेव्हन डेज अ स्केप्टिक’ केला: साल २३८५, अंतराळयान, यानावर मोजकी माणसं आणि ती आणखी मोजकी होत जातात. घरी बसून, पदरमोड करून लोक इतरांना घाबरवण्याचं साहित्य तयार करतात आणि वाटून टाकतात. अन्नदानानंतर हेच.

आमचा लॅपटॉप जुना आहे. तो घेतला तेव्हा तो वेगवान असल्याचं दुकानदाराने सांगितलं होतं, आणि दुकानातून घरापर्यंत तो खरोखर वेगाने आला. गेम उतरवून घ्यायलाच बराच वेळ गेला. सगळे झोपल्यावर मी आतल्या खोलीत दिवा मालवून बसलो, कारण भयकथा अंधारात वाचायची असते आणि शिवाय दिव्याचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं. हेडफोन लावला.

गेम दिसायला अप्रतिम आहे, हे आधी सांगून टाकतो. १९९८ चा ‘सॅनिटेरियम’ ज्यांना आठवतो त्यांना ती तऱ्हा ओळखीची वाटेल: वरून, तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्या. प्रत्येक खोली कोणीतरी बसून, गंज न् गंज, डाग न् डाग भरून काढलेली. मोठ्ठाल्या नळकांड्या, तुटलेले दिवे, कसले कसले ओघळ. आणि या सगळ्याच्या मधोमध आपली हॅडली, माझ्या नखाएवढी.

अडचण तिथे सुरू झाली. मला जवळचा चष्मा आहे. चष्मा लावला की खोलीतल्या वस्तू स्पष्ट दिसतात; पण वस्तूंबरोबर बाकीचंही स्पष्ट दिसतं, आणि बाकीचं म्हणजे कोपऱ्यात काय पडलंय, भिंतीला काय लागलंय, टेबलावर कोण होतं. चष्मा कपाळावर सरकवला की सगळं मऊ, तपकिरी, निरुपद्रवी होऊन जातं. पण मग उचलायची वस्तूही दिसत नाही. मी मधला मार्ग काढला. खोलीत शिरताना चष्मा वर. मग एक डोळा मिटून, चष्मा खाली घेऊन, पडद्याचा फक्त एक चतकोर बघायचा, बाकीच्यावर वही धरायची. त्या चतकोरात टिचक्या मारायच्या. मग पुढचा चतकोर. तांदळात खडा शोधावा तसा मी एकेक ठिपका चाचपत होतो, फक्त तांदूळ निवडणाऱ्याला तांदळाची भीती वाटत नसते.

हॅडली फटकळ आहे. टिचकी मारली की ती त्या वस्तूबद्दल काहीतरी बोलते, आणि ते खाली लिहूनही येतं. मी एकाच बंद दारावर पुन्हा पुन्हा टिचकी मारत होतो आणि ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. तिचा आवाज मात्र येत नव्हता. मुळात कसलाच आवाज येत नव्हता. ही मला त्या भावांची कमाल वाटली. अंधार, रक्त, पडझड आणि संपूर्ण शांतता! हलके लेखक दार करकरवतात, कुत्री रडवतात. थोर लेखक काहीच वाजवत नाही. अधूनमधून एक घरघर तेवढी जाणवायची, ती लॅपटॉपच्या पंख्याची होती. या शांततेच्या कलात्मक वापरावर भाचीला एक लांब संदेश लिहायचाही मी मनात बेत केला.

आवाज येत होता. फक्त माझ्या हेडफोनमध्ये येत नव्हता. आई पहाटे हरिपाठ ऐकते, त्यासाठी आम्ही देवघरात एक छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवलाय. तो एकदा या लॅपटॉपला जोडला होता. त्या दिवशी आई तो बंद करायला विसरली, लॅपटॉपने जुनी ओळख लक्षात ठेवली, आणि मध्यरात्री आमच्या देवघरातून, विठ्ठल-रखुमाईच्या मागून, एक बाई धापा टाकत, विव्हळत, इंग्रजीत देवाचं नाव घेत होती.

आता आईविषयी सांगायला हवं. आई सरकारी नर्स होती. आधी उपकेंद्रात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, शेवटी ग्रामीण रुग्णालयात. सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. टीव्हीचा आवाज तिला नीट ऐकू येत नाही, सुनेने मारलेली हाक तर बिलकूल येत नाही, पण कळा देणाऱ्या बाईचा आवाज तिला कुठल्याही झोपेत ऐकू येतो. ती उठली. पदर खोचला. गॅसवर पाणी चढवलं. मग पेशंट कुठे आहे ते शोधायला लागली.

गल्लीलाही तो आवाज अनोळखी नव्हता. पूर्वी रात्री-अपरात्री अडलेल्या बाया आमच्या दारात यायच्या. त्यामुळे कोणाला भुताचा संशय आला नाही. लोकांनी सरळ व्यवहार ओळखला. समोरच्या काकू जुनी सुती लुगडी घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने रिक्षा फाटकाशी लावून चालू ठेवली आणि बाहेरून विचारलं, “सिस्टर, सिव्हिलला न्यायचं हाय काय?” माझी बायको या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून सांगत होती की आमच्याकडे कोणीही गरोदर नाही, आणि त्याच वेळी देवघरातून किंकाळी ऐकू येत होती.

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या कानावर हेडफोन, डोळ्यावर अर्धा चष्मा, पडद्यासमोर वही. एका चतकोरात मला प्रथमच काहीतरी हललेलं दिसलं. मी श्वास रोखून वही बाजूला केली, आणि मागून अंधारातून एक हात माझ्या खांद्यावर पडला.

त्या रात्री आमच्या घरात एकच खरीखुरी किंकाळी फुटली, ती मी फोडली. ती फाटकापर्यंत गेली आणि रिक्षावाल्याने, पेशंट पुरुष आहे हे लक्षात घेऊन, रिक्षा बंद केली.

“गेम आहे,” मी सांगितलं.

दाराशी पाच-सहा चेहरे होते. कोणाच्या हातात विजेरी, कोणाच्या हातात लुगडी.

“कसला गेम?” काकूंनी विचारलं.

“म्हणजे... एक बाई आहे. नऊ महिने भरलेत. ती अडकलीय. तिला बाहेर काढायचंय.”

“आणि तुम्ही अंधारात बसून काय करत होता?”

या प्रश्नाला खरं उत्तर ‘मला वस्तू सापडत नव्हती’ हे होतं. मी काहीच बोललो नाही. बायकोने दिवा लावला. आईने माझ्या शेजारची खुर्ची ओढली, बसली, आणि पडद्याकडे बोट करून म्हणाली, “पेशंट ही?”

“हो.”

“कशासाठी गेली होती दवाखान्यात?”

एवढ्या लोकांसमोर, आईसमोर, काय सांगायचं ते मला सुचेना. “काहीतरी... छोटं ऑपरेशन.”

“गर्भपात?”

“...हो.”

“मग तसं सांग की. लाजायला तू काय पोरगा आहेस का आता?” आणि मग ती पडद्यालाच विचारायला लागली. “फॉर्म सी कुठाय हिचा?”

फॉर्म सी म्हणजे काय हे मला, दवाखान्याचे कागद तपासून पोट भरणाऱ्याला, माहीत असायला हवं होतं. आईने सगळ्यांना समजावलं. आपल्याकडे १९७१ चा कायदा आहे. गर्भपात करायचा तर बाईची लेखी संमती लागते, ती फॉर्म सीवर घेतात. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. “नवऱ्याची सही आणा म्हणून बायांना परत पाठवणारे दवाखाने मी बघितलेत. त्यांना मी फॉर्म वाचून दाखवायचे. ही बाई स्वतः गेली, एका गोष्टीला हो म्हणाली, आणि त्यांनी भलतंच केलं. म्हणजे संमती नाही. म्हणजे गुन्हा आहे हा.”

काकूंनी लुगडी खाली ठेवली आणि त्याही बसल्या.

मी वहीआडून बघत होतो ते सगळं आई उघड्या डोळ्यांनी बघत होती. रक्त बघून तिने नाक मुरडलं, पण ते घाण म्हणून. “हे कसलं थिएटर. फरशी कोण पुसतं इथे? ते बघ, ड्रेनेज तुंबलंय.” प्रसूतीच्या पाच स्वच्छता तिने बोटांवर मोजल्या. हात, जागा, पातं, नाळ बांधायचा दोरा, नाळेचं टोक. पाचांत शून्य. “एवढी मोठी कंपनी आणि साधं ऑटोक्लेव्ह दिसत नाही.” गेममधल्या त्या कंपनीचं नाव केन कॉर्पोरेशन, तिचे उद्योग भयानक, आणि जगभरचे खेळणारे तिला सैतानी समजून घाबरतात. आईने तिला तपासणीत नापास केलं.

त्या रात्री लोक पांगले, पण आई काही माउस सोडेना.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्यात माझं स्थान दुभाष्याचं. आईला इंग्रजी केसपेपरापुरतं येतं. ‘केन’मध्ये मेलेल्या, पळालेल्या, वेड लागलेल्या कर्मचाऱ्यांच्या डायऱ्या छोट्या यंत्रांमध्ये जागोजाग पडलेल्या असतात. गोष्टीचा खरा गाभा तिथे आहे: कोण कोणावर जळत होतं, कोण कोणाशी गुपचूप काय करत होतं, साहेबाने काय दडपलं. लिहिलेल्याही चांगल्या आहेत. त्या मी वाचून मराठीत सांगायच्या. आता त्यातले काही तपशील असे आहेत की ते मी मनातल्या मनातही वाचू शकत नव्हतो. मी ते गाळायला लागलो. एका डायरीचा मजकूर पडदाभर होता. मी सांगितलं, “याला इथली नोकरी आवडत नव्हती.”

आईने चष्मा पुसला. “एवढं लांब लिहिलंय आणि एवढंच?”

“थोडक्यात सांगितलं.”

“केसपेपर थोडक्यात वाचायचा नसतो. सगळं सांग.”

मग मी एक डोळा मिटून सगळं सांगितलं. ती मधूनच “हं” म्हणायची, “मग पोटॅशियम बघितलं नाही वाटतं,” म्हणायची. एका ठिकाणी मला पाणी प्यावं लागलं. तिने ते उठून आणून दिलं, आणि येताना स्वतःसाठी शेंगदाणे आणले.

खेळण्याची तिची रीत मात्र मी डोळे उघडे ठेवून बघितली, कारण त्यात माझा तीस जागी पाणउतारा होता. ती खोलीत शिरली की आधी काहीच करायची नाही. ड्यूटीवर आल्यावर चार्ज घेतात तसा ती खोलीचा चार्ज घ्यायची: दारापासून डावीकडे, भिंतीच्या कडेने, परत दारापर्यंत. काय आहे, काय तुटलंय, काय जागेवर नाही. मग मधला भाग. मला अख्ख्या रात्रीत जी वस्तू सापडली नव्हती ती तिला शेंगदाणे सोलता सोलता दिसली. ती कुठे होती आणि काय होती ते मी इथे सांगणार नाही. गेम फुकट आहे, ज्याने त्याने आपलं डोकं आपण फोडावं.

“तुला कसं कळलं ते उचलता येतं?”

“मग टाकून द्यायचं का? लागतं पुढेमागे.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या माळ्यावर सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आहेत, इंजेक्शनच्या डब्यांचे कप्पे आहेत, कशाची ती कळत नाही अशी रबरी नळी आहे, झाकणाशिवाय डबे आणि डब्यांशिवाय झाकणं आहेत. दर दिवाळीला मी ते भंगारात द्यायचा ठराव मांडतो आणि एक विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला जातो. पॉइंट-अँड-क्लिक गेम बनवणाऱ्यांनी हा माळा बघितला असता तर त्यांना गहिवरून आलं असतं. त्यांचं सगळं शास्त्र एवढंच आहे: दिसेल ते उचला, काही टाकू नका, आणि अडलं की नसत्या वस्तू नसत्या ठिकाणी लावून बघा.

आईने उपकेंद्रात हेच केलं होतं. सलाईन लावायला स्टँड नाही, तर खिडकीच्या गजाला बँडेजने बाटली बांधायची. वीज गेली, तर विजेरी दातात धरून टाके घालायचे. एकदा विजेरीतही दम नव्हता, तर पेशंटच्या दिराने मोटारसायकल दारात आडवी लावून हेडलाइट आत सोडला. हे किस्से ती सांगत नाही, विचारलं तरी सांगत नाही. हॅडलीची वाट अडली आणि दोन चमत्कारिक वस्तू एकत्र करून बघण्याशिवाय उपाय उरला नाही तेव्हा, त्या जुळवता जुळवता, ती सहज बोलून गेली.

तरीही एका ठिकाणी आम्ही दोघंही अडलो. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवरून उत्तर काढून आणलं. उत्तर पाठ केलं. संध्याकाळी सुचल्याचा आव आणून सांगायला गेलो तर ती वस्तू नेमकी कुठे आहे तेच मला पडद्यावर दाखवता येईना. उत्तर हातात असूनही नापास होणारा माणूस म्हणून या घरात माझी आधीच ख्याती होती.

त्या संध्याकाळी समाधानासाठी मी आईला ‘गेब्रियल नाइट ३’मधल्या मिशीची गोष्ट सांगितली. हा १९९९ चा गेम, फ्रान्समधल्या एका गावात घडणारा. नायकाला मोटारसायकल भाड्याने घ्यायची आहे, आणि ती राखून ठेवलीय मित्राच्या नावावर. म्हणून तो मित्राचं सोंग घेतो. सोंगाला मिशी हवी. मिशीसाठी तो एका भोकावर चिकटपट्टी लावतो, तिथून मांजर पळेल अशी व्यवस्था करतो, पट्टीला चिकटलेले केस गोळा करतो आणि ते पाकाने ओठावर चिकटवतो. गंमत पुढे आहे. मित्राला मिशीच नाही. म्हणून नायक मित्राचा पासपोर्ट चोरतो आणि त्यातल्या फोटोवर पेनने मिशी काढतो. पॉइंट-अँड-क्लिक गेमना उतरती कळा कशामुळे लागली असं कोणी विचारलं की जाणकार आजही या मांजराकडे बोट दाखवतात.

मला वाटलं आई हसेल. ती विचारात पडली. “केस पाकाने नाही टिकायचे,” ती म्हणाली. “घाम आला की सुटतील. चिकटपट्टी होती ना जवळ? तीच लावायची.” मग पुन्हा हॅडलीकडे वळली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “असल्या डोक्याच्या माणसांनी हे बनवलंय होय. मग बरोबर.” आणि तिने अशी एक गोष्ट अशा एका ठिकाणी वापरली की दार उघडलं. माझं इंटरनेटवरचं उत्तरही तेच होतं.

गल्लीने हे प्रकरण आपलं मानलं. काकू रोज तीन वाजता येऊन बसायच्या. हॅडलीला इतकं चढउतार करायला लावतात हे त्यांना मान्य नव्हतं. “नववा महिना आणि शिड्या?” आई म्हणायची, “चालणं चांगलं असतं. वाकणं नको.” हॅडली वाकली की दोघी एकदम ‘च्’ करायच्या. रिक्षावाला फाटकातून जाता-येता विचारायचा, “सुटली काय ओ बाई?” आणि ऑफिसातून परत येताना मला त्याला रोज ‘अजून नाही’ असं सांगावं लागायचं. एका रविवारी त्याने, माझ्याकडे बघत, “तुम्ही हात लावू नका, सिस्टरना करू द्या,” असा सल्लाही दिला.

शेवट झाला. काय झाला ते सांगत नाही. तो बघताना मी पूर्ण वेळ वहीमागे होतो, त्यामुळे सांगायचं म्हटलं तरी मला कागदावर आखलेल्या रेघांशिवाय काही आठवत नाही. नावांची पाटी वर सरकायला लागल्यावर काकूंनी डोळ्याला पदर लावला. आईने विचारलं, “याची तक्रार कुठे करायची?”

“आई, गोष्ट आहे ती.”

“ते कळतं मला. पण रजिस्टरला नोंद तरी व्हायला हवी ना.”

मग भाचीचा फोन आला. आजीने गेम संपवला हे तिला आधी पटेना. मग तिने आजीला डायऱ्यांवरून प्रश्न विचारले, आजीने धडाधड उत्तरं दिली, आणि पुण्याच्या त्या अभ्यासक्रमात आता या रुग्णाच्या केसची चर्चा होणार असल्याचं मला कळवण्यात आलं. मी कुठे होतो याची चौकशी कोणी केली नाही. भाची म्हणाली, “आजी, याच्या आधीचा मोठा भाग आहे, ‘स्टॅसिस’. पण तो विकत आहे.”

दोन रुपयांच्या कोथिंबिरीवर कढीपत्ता मागून घेणारी आई म्हणाली, “असू दे. पेन्शन कशाला असते?”

सध्या आई नेपच्यूनच्या कक्षेत आहे. ग्रूमलेक नावाचं अवाढव्य यान आहे, त्यात जॉन माराचेक नावाचा गृहस्थ जागा झालाय आणि बायको-मुलीला शोधतोय. पोळ्या करायला हाक मारली तर आई “जरा थांबा, याला सोडून कशी येऊ?” म्हणते, आणि बायको मला लाटणं देते. या जॉनबद्दल आईचं मत फारसं चांगलं नाही. स्वभावाने गरीब आहे, ती म्हणते, पण पुरुष माणूस, नाकासमोर पडलेली वस्तू दिसत नाही, हाताला धरून दाखवावं लागतं. असं म्हणताना ती पडद्याकडे बघत असते, असं माझं म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं वेगळं आहे.